सहा पेपर, एक बातमी

बहादूरचे किस्से सांगायला बसलं की चहा तीनदा येतो आणि तरी किस्से संपत नाहीत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आम्ही सहा पेपरांचे सहा वार्ताहर. कुठं पत्रकार परिषद असो, कुणाची सभा असो नाहीतर बिबट्यानं शेळी नेलेली असो, चौघं जमले की पाचवा म्हणणारच, "अरे, तो बहादूरचा बैलाचा किस्सा सांगा की!" दर वेळी कुणीतरी त्यात दोन वाक्यं वाढवतो. अशानं किस्से वाढतच जातात.

मीही खूप वाढवले. मी अण्णा. नारायणगावात माझ्या पेपरचं छोटं ऑफिस आहे, वयानं सगळ्यांत थोरला, म्हणून दोन्ही तालुक्यांच्या बातम्या आधी माझ्या हाताखालून जातात. गेलं वर्षभर मात्र मी हे किस्से सांगायचं सोडलं होतं. आज सांगतो. पण आपण नेहमी जिथं हसून थांबतो, तिथं आज थांबणार नाही. पटलं तर ऐका.

बहादूर नेपाळचा. पाच वर्षांचा असताना बापाच्या बोटाला धरून मंचरला आला. बाप बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर वॉचमन. गेटशेजारच्या पत्र्याच्या खोलीत दोघं राहायचे. लोक बापाला बहादूर म्हणायचे, मग पोरगं मोठं झाल्यावर त्यालाही बहादूरच म्हणायला लागले. बाप थोरला बहादूर, लेक धाकला बहादूर. वॉचमन म्हटला की बहादूर, विचारायचं काय त्यात?

पोरगं झेडपीच्या शाळेत शिकलं आणि मराठी असं लिहायला लागलं की आमची बोटं तोंडात. आम्ही बाकीचे पाचही जण इथलेच, जमीनजुमलावाले. आमच्यापैकी एकालाही त्याच्यासारखं एक वाक्य लिहिता येत नाही. हे आम्ही चारचौघांत कधी कबूल केलं नाही, पण वापरलं मात्र पुरेपूर!

*

आमची कामाची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बहादूर बातमी लिहायचा आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. खाली दर वेळी एक ओळ : "काही दुरुस्ती असल्यास सांगावी." आम्ही ती ओळ पुसायची, खाली आपापलं नाव घालायचं आणि पुण्याला पाठवून द्यायचं. वाचायची कशाला? बहादूरनं लिहिलीय म्हणजे बरोबरच असणार. दुसऱ्या दिवशी पाच पेपरांत पाच नावांनी तीच बातमी. सहावा पेपर तो ज्याचा वार्ताहर होता, तो. तिथं मालक त्याचं नाव घालायचे नाहीत, नुसतं 'वार्ताहर' असं छापायचे. "लोकांना नाव वाचून शंका येती," असं त्यांचं म्हणणं.

एकदा बेल्ह्याच्या बैलबाजाराची बातमी होती. बहादूर एकटाच गेला होता. उन्हाचं जायचं कुणाच्या जिवावर आलेलं! त्यानं बाजार झकास रंगवला आणि शेवटी लिहिलं, "या गर्दीत एका खिलारी बैलाने प्रस्तुत वार्ताहराच्या डाव्या पायावर पाय दिला."

दुसऱ्या दिवशी सहाही पेपरांत बैलानं सहा वार्ताहरांच्या डाव्या पायावर पाय दिला!

बेल्ह्याचा एक व्यापारी टेम्पो थांबवून माझ्या ऑफिसात आला. म्हणाला, "अण्णा, लई गुणाचा बैल म्हणायचा राव! रांगेत उभं केलं व्हतं का काय तुमाला?"

आमच्यातले सुदामराव म्हणजे पस्तीस वर्षं पत्रकारिता केलेला आणि पस्तीस बातम्याही न लिहिलेला माणूस. ते दोन दिवस लंगडत फिरले. तिसऱ्या दिवशी उजव्या पायानं लंगडायला लागले.

हसून हसून पोट दुखलं आमचं. बहादूरला म्हटलं, "मुद्दाम केलंस ना?" तो म्हणाला, "नाही अण्णा, बैलानं खरंच पाय दिला होता." बूट काढून दाखवला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. तेवढ्यात कुणीतरी चहा सांगितला आणि विषय राहून गेला.

*

बिबट्या आमच्याकडं सगळ्यांच्या उसातला पाहुणा. एका वस्तीवर त्यानं वासरू मारलं. सत्तरएक लोक जमले, भयंकर चिडलेले. बहादूर वही काढून उभा.

एक म्हातारा तावातावानं म्हणाला, "लिवा, लिवा! ह्यो आपला बिबट्या न्हाईच मुळी. बाहेरनं आणून सोडलाय कुणीतरी!"

बहादूरनं विचारलं, "कशावरून, बाबा?"

"आपला असता तर असा वागला असता व्हय?"

बहादूरनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग म्हाताऱ्यानं त्याला निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमी कुठलं, पावणं?"

"मंचरचा."

"ते झालं वो. मूळचं?"

हा प्रश्न त्याला दिवसातून चारदा यायचा. सरपंच विचारायचे, तहसीलचा शिपाई विचारायचा, बाजारात मेंढरं विकायला आलेला धनगर विचारायचा. तो प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचा. त्या दिवशी मात्र त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "बाबा, मी पण बाहेरनं आणून सोडलेलाच. पण वासरू खाल्लं नाही अजून."

म्हातारा खो खो हसला. आम्हीही हसलो. बहादूर गाडीला किक मारून पुढं निघून गेला, आमच्यासाठी थांबला नाही.

*

मध्यंतरी आमच्या पत्रकार संघानं सगळ्यांना ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. सेक्रेटरी मीच. सहा फॉर्म भरायचे होते. पाच जणांची नावं, बापाचं नाव, आडनाव मी न विचारता भरली, कारण सगळे गावातले, सोयरेधायरे. बहादूरचा फॉर्म हातात आला तेव्हा फोन करावा असं मनात आलं. खरंच आलं. पण ऊन झालेलं, जेवायची वेळ झालेली. मी लिहून टाकलं, 'बहादूर नेपाळी'.

कार्ड छापून आलं. गळ्यात घालायला छान निळी पट्टी. बहादूरनं ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

मी विचारलं, "काय रे, झालंय ना नीट?"

"हो अण्णा," तो म्हणाला. "फोटो माझाच आहे."

ते कार्ड त्यानं पाच वर्षं गळ्यात घातलं. आणि मी पाच वर्षं त्याला त्याचं आडनाव विचारलं नाही. हा किस्सा सांगताना सगळे फोटोवर हसतात. आधी मीही हसायचो.

*

निधनवार्ता ही तालुक्याच्या पेपरातली सगळ्यांत जास्त वाचली जाणारी बातमी. आमदारांची बातमी चुकली तर चालते, पण मयताच्या सुनेचं नाव राहिलं की चुलत्यापासून सगळे भांडायला येतात. बहादूरच्या निधनवार्तेला तर मागणी असायची! लोक मला फोन करायचे, "अण्णा, आमच्या नानांचं बहादूरला लिव्हायला सांगा बरं का." कारण तो 'मनमिळाऊ स्वभावाचे' वगैरे लिहून मोकळा व्हायचा नाही. घरी जायचा, बायकांशी बोलायचा आणि एक तरी खरी गोष्ट काढून आणायचा. एका म्हाताऱ्याबद्दल त्यानं लिहिलं होतं, "त्यांच्या विहिरीवर दुष्काळातही कुणाला बादली मागावी लागली नाही, ती कायम बाहेरच ठेवलेली असे." म्हाताऱ्याच्या मुलानं ते कात्रण फ्रेम करून लावलंय.

तर घोडेगावात मिठाईचं दुकान चालवणारे एक राजस्थानी गृहस्थ वारले. चाळीस वर्षं तिथं काढलेली. बहादूरनं लिहिलं, 'घोडेगाव येथील'. पहिली ओळ तेवढी मी बघायचो, तिथलं ते मी कापलं. आमच्या ऑफिसचा एक नियम होता, म्हणजे माझाच होता. ज्याचा सातबारा इथं, तो 'येथील'. बाकीचे पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये असतात तसे, 'मूळ रा. अमुक, सध्या रा. तमुक'. मी तसं केलं.

बहादूर ऑफिसात आला. पेपर टेबलावर पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अण्णा, माणूस मेला. आता 'सध्या' कसलं?"

सुदामरावांच्या नाकातून चहा बाहेर आला! किती दिवस आम्ही ते वाक्य एकमेकांना ऐकवत होतो.

सगळे गेल्यावर बहादूर तिथंच बसून राहिला. मग म्हणाला, "अण्णा, मला दुसरं काही नको. माझं नाव नका छापू. पण बापाचं कमीजास्त होईल तेव्हा 'मंचर येथील' एवढं लावा. तो रोज पेपर वाचतो. देवनागरी येते त्याला. निधनवार्ता मोठ्यानं वाचतो आणि दर वेळी म्हणतो, ह्यांच्या नशिबात 'येथील' आलं."

मी म्हटलं, "अरे, थोरला बहादूर एवढ्यात कुठला जातोय! ठणठणीत आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. हो म्हणालो नव्हतो मी, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

*

आता भाषणाचा किस्सा. हा लोकांना फार आवडतो.

आमच्याकडचे एक पुढारी आहेत, भाऊसाहेब म्हणू त्यांना. सभेत उभे राहिले की आवाज पहाडी, पण डोक्यात काही नाही. त्यांची भाषणं कोण लिहायचं? बहादूरच. निवडणूक आली. भाऊसाहेबांनी बहादूरला बोलावून सांगितलं, "या वेळी भूमिपुत्राचा मुद्दा घ्यायचा. हितल्या कंपन्यांत, कोल्ड स्टोरेजात, सगळीकडं बाहेरची मानसं भरलीत. आपल्या पोरांनी करायचं काय? असं लिव्ह की लोक उठून उभी ऱ्हायली पायजेत!"

बहादूरनं लिहिलं. आता का लिहिलं, ते त्याला कुणी विचारलं नाही. सवयीनं लिहिलं असेल, भिडेनं लिहिलं असेल. घोडेगावच्या सभेत भाऊसाहेब गरजले, "ज्याची नाळ या मातीत पुरली, त्यालाच या मातीत पहिला घास मिळाला पाहिजे!" लोक खरंच उठून उभे राहिले. शिट्ट्या काय, टाळ्या काय!

सभा संपल्यावर भाऊसाहेबांनी बहादूरच्या पाठीत धपाटा घातला. "बहादूर, लई भारी राव! तुझ्या अंगात खरा भूमिपुत्र हाये बघ!"

इथं सगळे हसतात आणि किस्सा संपवतात. पुढचं मी सांगतो.

महिन्याभरात कोल्ड स्टोरेजच्या मालकानं थोरल्या बहादूरला बोलावलं. एकतीस वर्षं गेटवर काढलेल्या माणसाला सांगितलं, "मामा, वातावरण तापलंय. गेटवर आपला माणूस ठेवावा लागेल." खोली सोडायला लावली. बापलेक गावाबाहेर भाड्याच्या खोलीत गेले.

म्हातारा तरी रोज सकाळी यायचा. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचा आणि आत जाणाऱ्या गाड्यांकडं बघत राहायचा. नवा वॉचमन इथलाच, नवखा. गाडी कुणाची, माल कुठला, कुठल्या चेंबरला लावायची, हे तो टपरीवर येऊन थोरल्या बहादूरलाच विचारायचा. म्हातारा सांगायचा सगळं नीट.

मी एकदा तिथून जाताना गाडी थांबवली. "काय मामा, बरंय ना?" थोरला बहादूर उभा राहिला. सवयीनं सलाम केला आणि म्हणाला, "पोरगं लई चांगलं लिहितं, साहेब. लोक उठून उभे राहिले म्हणे."

माझ्यानं तिथं जास्त वेळ थांबवलं नाही. लाज वाटली, दुसरं काय!

*

बहादूरचं पुस्तकही आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. टंचाईच्या बातम्यांसाठी तो दर उन्हाळ्यात आणे गावाच्या पठारावर जायचा. तिथल्या माणसांवर त्यानं कथा लिहिल्या. पुण्याच्या प्रकाशकाला फार आवडल्या. फक्त म्हणाले, "नाव बदला. नेपाळी माणूस पठाराच्या गोष्टी सांगतो, हे वाचकांना पटणार नाही." त्यांनीच नाव सुचवलं, माधव आणेकर.

पुस्तक गाजलं. आणे गावाला वाटलं, हा आपलाच कुणीतरी. कुठल्या आळीचा, कुठल्या घरचा, यावर पैजा लागल्या. शेवटी गावानं सत्कार ठरवला आणि प्रकाशकामार्फत आणेकरांना निमंत्रण धाडलं. बहादूरनं उत्तर पाठवलं, "येतो."

गेला. नवा शर्ट, खिशात निमंत्रण. मंडपाच्या दारात कार्यकर्ता त्याला ओळखत होताच. "या या, बहादूर! पत्रकार तिकडं बसलेत बघा. पावणं येतीलच एवढ्यात."

तो आमच्या रांगेत येऊन बसला. तोच आणेकर, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी कोपरानं ढोसलं, "अरे ऊठ की लेका! जा वर!"

"जातो. नाव पुकारू द्या."

तेवढ्यात अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पुस्तक वर धरलं. "मंडळी, आमचं व्हतं नव्हतं ते सगळं ह्या मानसानं लिवलंय! आमच्या आयाबाया लिवल्यात! ह्यो लेखक हितल्याच मातीतला. बाहेरच्या मानसाच्या बापाला जमायचं न्हाई हे!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. बहादूर वहीत लिहून घेत होता. लिहिता लिहिता त्यानं निमंत्रणाची घडी शर्टाच्या खिशातून काढून पँटच्या खिशात घातली.

तासभर वाट बघितली आणि शेवटी गावानं शाल रिकाम्या खुर्चीला पांघरली. मग पत्रकारांचा मान म्हणून आम्हाला एकेक गुलाब दिला. बहादूरलाही दिला.

संध्याकाळी ग्रुपवर बातमी आली. शेवटचं वाक्य, "सत्कारमूर्ती माधव आणेकर प्रकृतीच्या कारणास्तव उपस्थित राहू शकले नाहीत. काही दुरुस्ती असल्यास सांगावी."

दुरुस्ती मला ठाऊक होती. मी खालची ओळ पुसली, माझं नाव घातलं आणि बातमी पुण्याला पाठवली.

*

आता शेवटचा. हा किस्सा कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास ग्रुपवर बहादूरची निधनवार्ता आली. मी एका लग्नाला निघालो होतो. पहिली ओळ दिसली, मंचरचे कुणी भंडारी गेले होते. बाजारपेठेतले कुणीतरी असतील असं वाटलं. खालची ओळ पुसली, नाव घातलं, पाठवून दिली. सुदामरावांनी ग्रुपवर अंगठा टाकला. बाकीच्यांनीही टाकला. एकानं लिहिलं, "नेहमीप्रमाणे छान."

दुसऱ्या दिवशी सहाही पेपरांत छापून आली. दुपारी एका व्यापाऱ्यानं मला विचारलं, "अण्णा, मंचरचे हे भंडारी कोण? आपल्याला दहाव्याला जायला पाहिजे का?" मलाही माहीत नव्हतं. मी बहादूरला फोन लावला.

"काय रे, ते भंडारी कुठल्या आळीचे? इथं लोक विचारतायत मला."

तो म्हणाला, "वाचा की अण्णा. तुमच्याच नावानं आलीय."

पेपर समोर होताच. फोन कानाला तसाच धरून मी वाचायला लागलो.

"मंचर येथील जुन्या पिढीतील गोपाळ दत्तराम भंडारी (वय ७१) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर त्यांनी एकतीस वर्षे सेवा केली. त्या गेटमधून आत गेलेला प्रत्येक शेतकरी त्यांना नावानिशी ठाऊक होता. त्यांच्या पश्चात मुलगा, लेखक व पत्रकार टेकनाथ भंडारी असा परिवार आहे."

खाली माझं नाव होतं.

बहादूर फोनवर होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं विचारलं,

"काही दुरुस्ती आहे का, अण्णा?"